रंग कोणाचे, वस्त्र कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुण्याच्या केसरीवाड्यात एक जुना ध्वज जपून ठेवलेला आहे. वर हिरवा पट्टा, मध्ये केशरी-पिवळा, खाली तांबडा आणि मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' ही अक्षरे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मादाम कामा यांनी तो फडकवला. कोणापुढे? राजेमहाराजांपुढे नव्हे, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेला जमलेल्या निरनिराळ्या देशांतील कामगार चळवळीच्या प्रतिनिधींपुढे. हिंदुस्थानचा ध्वज जगासमोर आला तो असा कष्टकऱ्यांच्या व्यासपीठावरून, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते.

या ध्वजाचे रंग आजच्या तिरंग्याचे नाहीत. यातच पहिला धडा आहे. रंग निसर्गात असतात. त्यांना अर्थ देतात ती माणसे, आणि प्रसंगी तो अर्थ बदलतातही तीच. १९१७ साली होमरूलच्या चळवळीने जो ध्वज वापरला त्याच्या एका कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅक होता. मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती, तेव्हा ध्वजही तेवढेच बोलत होता. १९२१ मध्ये बेझवाड्यात पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना तांबड्या व हिरव्या रंगांचा ध्वज दाखवला. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, अशी त्यामागची कल्पना. इतर धर्मीयांसाठी गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा घालायला लावला आणि लाला हंसराज यांच्या सूचनेप्रमाणे मध्ये चरखा आला.

परंतु रंगांची अशी धर्मवार वाटणी एकदा मान्य केली की तिला शेवट नसतो. शिखांनी आपलाही रंग असावा अशी मागणी केली आणि ती त्या तर्काला धरूनच होती. म्हणून १९३१ साली काँग्रेसने सात जणांची ध्वजसमिती नेमली. समितीने एकच केशरी रंग आणि त्यावर चरखा असा ध्वज सुचवला. अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही शिफारस नाकारली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला केशरी, पांढरा व हिरवा असा तिरंगा स्वीकारताना स्पष्ट केले की, या रंगांचा कोणत्याही धर्माशी संबंध नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. राष्ट्राची ओळख रक्तातून किंवा ग्रंथातून आयती मिळत नाही. ती वादविवादाने, ठरावाने आणि दुरुस्तीने घडवावी लागते. तिरंग्याचा इतिहास हा या घडणीचा इतिहास आहे.

अर्थात ठरावाने कापडाला रंग मिळाला तरी प्रतिष्ठा मिळते ती किंमत मोजल्यावर. १९२३ साली नागपुरात सिव्हिल लाइन्समधून ध्वज घेऊन जाण्यास सरकारने बंदी केली. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत राहिली आणि हजाराहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. अखेर ऑगस्टमध्ये ध्वजाची मिरवणूक त्याच वस्तीतून गेली.

येथवर रंगांचा विचार झाला. आता वस्त्राकडे वळले पाहिजे, कारण अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच आहे. तिरंगा खादीचाच असावा, हा आग्रह केवळ भावनेचा नव्हता. सूत कातणारी बाई, विणकर आणि राष्ट्र यांना बांधणारा तो धागा होता. ध्वजाला वंदन करणारा माणूस नकळत श्रमाला वंदन करीत होता. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, हे त्याचे एक कारण होते. चरखा गेल्याची नापसंती गांधीजींनी लपवून ठेवली नाही. तरीही वस्त्र खादीचेच राहिले. चित्रातला चरखा गेला, पण कापडातला उरला.

स्वतंत्र भारताने मालाच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके ठरवायला घेतली, तेव्हा पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचे होते. १९५१ सालच्या या मानकात आणि त्याच्या पुढच्या सुधारणांत सुताची जात, विणीची दाटी, रंगाचा पक्केपणा, शिवण आणि दोरी या सर्वांचे नियम आहेत. त्या मानकाप्रमाणे हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संघात ध्वज तयार होतात आणि तेथे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. आपल्या नांदेडलाही मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते. त्याचे कापड उदगीरला विणले जाते.

३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ध्वजसंहितेत दुरुस्ती केली. हातकताईच्या व हातविणीच्या कापडाबरोबर यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'घरोघरी तिरंगा' ही मोहीम झाली. बेंगेरीच्या संघाने या दुरुस्तीला विरोध केला.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कोट्यवधी घरांवर ध्वज लावायचा तर एवढी खादी आणायची कोठून? गरिबाला महाग ध्वज कसा परवडावा? हे प्रश्न खोटे नाहीत. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे उलट प्रश्न विचारील. कोट्यवधी ध्वजांची मागणी एकाएकी निर्माण होणार हे सरकारला ठाऊक होते, कारण ती सरकारच निर्माण करीत होते. मग खादी संस्थांना आगाऊ मागणी, भांडवल आणि मुदत देऊन हजारो कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांना काम देण्याची योजना का होऊ नये? स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला ग्रामीण रोजगाराची इतकी मोठी संधी दुसरी कोणती होती? ध्वज घरोघरी गेला ही आनंदाचीच गोष्ट. पण तो घरोघरी जात असताना त्याच्या मजुरीचा पैसा विणकराच्या घरी गेला नाही, आणि हा भाग उत्सवाच्या हिशोबात कोणी धरला नाही.

खेळाडूंच्या पोशाखाचेही याहून वेगळे नाही. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकीचा अंतिम सामना जर्मनीशी होता. अधिकृत ध्वज ब्रिटिश राजवटीचा. पण सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मग ते मैदानात उतरले. ध्यानचंद यांनी ही आठवण आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. भारताने तो सामना ८-१ असा जिंकला. बारा वर्षांनी, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, वेम्ब्लीच्या मैदानावर कालच्या राज्यकर्त्यांना ४-० असे हरवल्यावर तोच तिरंगा उघडपणे वर चढला.

१९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लोकवर्गणीच्या आणि उसनवारीच्या पैशांवर तेथे पोहोचले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंगावर देशाचा पोशाख होता, पण प्रवासाचा खर्च गावकऱ्यांनी आणि मास्तरांनी उचलला होता. आज क्रिकेटपटूंच्या अंगावरचा निळा रंग जणू अनादि काळापासूनचा आहे असे समजले जाते. वस्तुतः १९८३ चा विश्वचषक कपिलदेवच्या संघाने पांढऱ्या कपड्यांत जिंकला. विश्वचषकात रंगीत कपडे आले ते १९९२ साली, आणि त्यामागे रंगीत दूरदर्शनचा व्यापार होता. त्या निळ्या रंगावर छातीशी देशाच्या नावाबरोबर कंपनीचे नाव आले. कधी ती सिगारेटची होती, कधी मोबाइलची, कधी खासगी शिकवणीची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली कायद्याने बंदी आली, तेव्हा अशाच एका कंपनीचे नाव संघाच्या छातीवरून उतरवावे लागले. जो धंदा जनतेला घातक म्हणून बंद करावा लागला, तो तोवर राष्ट्राच्या रंगात मिरवत होता.

२०१९ साली इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात दोन्ही संघांचा रंग निळाच असल्याने भारतीय संघाने नारिंगी पोशाख घातला. त्यावर केवढा गदारोळ झाला! एकाला त्यात धर्माचा विजय दिसला, दुसऱ्याला धर्माचे आक्रमण. १९३१ साली मुंबईत जे ठरले होते ते दोघेही विसरले. छातीवरच्या कंपनीविषयी मात्र दोघांचीही तक्रार नव्हती.

याहून गंभीर प्रश्न पोशाखाच्या आतल्या माणसाचा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. पुढे, ऑगस्ट २०२१ मध्ये, संघ उपांत्य सामन्यात हरला आणि हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर तिच्या कुटुंबाला जातीवरून शिव्या देण्यात आल्या. जिंकेपर्यंत ती भारताची होती. हरताच ती तिच्या जातीची झाली. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत विनेश फोगट, साक्षी मलिक आणि त्यांचे सहकारी लैंगिक छळाच्या तक्रारीवर न्याय मागत नव्या संसद भवनाकडे निघाले होते. त्यांच्या हातात तिरंगा होता आणि त्या तिरंग्यासह पोलिसांनी त्यांना रस्त्यावर पाडून ताब्यात घेतले. परदेशात या खेळाडूंच्या विजयाने जो ध्वज वर चढत होता, तोच ध्वज स्वदेशात त्यांना आधार देऊ शकला नाही.

मित्रहो, ध्वज आणि पोशाख यांची थट्टा करणे हे पुरोगामीपणाचे लक्षण नव्हे. ही प्रतीके कष्टकऱ्यांनीच किंमत मोजून उभी केली आहेत; ती इतरांच्या हाती सोपवून बाजूला होण्याचे कारण नाही. मात्र त्यांची कसोटी रंगाच्या छटेवर लागत नाही. ध्वज विणणाऱ्या बाईला पुरेशी मजुरी मिळते काय, आणि देशाचा पोशाख घालणाऱ्या मुलीला हरल्यानंतरही देश आपली म्हणतो काय, या दोन प्रश्नांवर ती लागते. येत्या स्वातंत्र्यदिनी कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील शाळेत, ग्रामपंचायतीत आणि साखर कारखान्यात जाऊन विचारावे : येथे लागणारा ध्वज कोणी विणला? उत्तर मिळाले नाही तर पुढच्या वर्षीची मागणी नांदेडला किंवा हुबळीला आतापासून नोंदवून यावे. काम लहान आहे, पण ध्वजाच्या धाग्याचे दुसरे टोक ज्या हातात असायला हवे, त्या हातापर्यंत ते पोहोचेल.