नाव ठेवणे आणि नावे ठेवणे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘बाळाचे नाव’. विषय घरगुती खरा, पण नाजूक. कारण नाव ठेवणे हा मंगल संस्कार, आणि नावे ठेवणे हा आपणां सर्वांचा आवडता उद्योग! आज दोन्ही थोडेथोडे होणार. ज्यांच्या नातवंडांची नावे आमच्या तडाख्यात सापडतील त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, आमचे भांडण चालीशी आहे, बाळाशी नाही. बाळ बिचारे पाळण्यात असते. नाव आपण ठेवतो, आणि ते जन्मभर वागवावे लागते त्याला.

नाव विचाराने ठेवावे, ही गोष्ट फार जुनी आहे. व्याकरण कशासाठी शिकावे, याची कारणे देताना महाभाष्यकार पतंजलींनी मुलाचे नाव नीट ठेवता यावे हेही एक कारण सांगितले आहे. आरंभी घोषवर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे अक्षर यावे, नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आणि मागल्या तीन पिढ्यांशी त्याचे काही नाते असावे, असा याज्ञिकांचा दंडक त्यांनी नोंदवला आहे. मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत, असे गृह्यसूत्रात आहे. हे सारे नियम आज कोणी पाळावेत असा आमचा आग्रह नाही. परंतु नाव उच्चारायला सुखाचे, अर्थाने शुद्ध आणि घराण्याशी जोडलेले असावे, हे त्यांतील सार आजही खोटे झालेले नाही.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत याच विचारातून आली. या नगरीत तर सांगावयासच नको. १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेऊन गादीवर बसवले तेव्हा त्यांचे नाव सयाजीराव ठेवले गेले. त्या नावाचे दोन पुरुष गादीवर होऊन गेले होते. तिसऱ्याने ते सर्व हिंदुस्थानात नेले. वडिलांचे नाव असे नव्याने उजळते. आता सासूसासऱ्यांचे नाव सुनेने घ्यावयाचे नाही, मग त्याच नावाच्या पोराला हाक काय मारावी? म्हणून बाळ, नाना, अण्णा, बापू! लोकमान्यांचे नाव केशव होते, हे आज किती जणांस ठाऊक आहे? हाकेचे ‘बाळ’ तेच जगाच्या तोंडी राहिले.

जुने ते सगळे सोने, असेही आम्ही म्हणणार नाही. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे मूल जगावे म्हणून ठेवीत. मागली मुले गेलेली असत. दृष्ट लागू नये, काळाने याच्याकडे ढुंकून पाहू नये, ही त्यामागली माया. नाव ओबडधोबड, पण मन हळवे. आणि अशा नावाने माणूस लहान होत नाही, हे धोंडो केशव कर्व्यांनी दाखवून दिले. १९५८ साली ते भारतरत्न झाले. पण ‘नकोशी’ हे नाव त्या जातीचे नव्हे. मुलगाच हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिच्या कपाळी तो शब्द जन्मभरासाठी कोरावयाचा, यात मायेचा लवलेश नाही. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक मुलींची अशी नावे जाहीर समारंभात बदलली गेली. कित्येकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. नावाची थट्टा करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

लग्नात तांदळात नवे नाव लिहिण्याची चालही विचार करण्याजोगी आहे. पहिल्या स्त्री-डॉक्टरांत गणल्या गेलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. दोघींनी नवी नावे उजळली, हे खरे. पण आईबापांनी कौतुकाने ठेवलेले नाव एका दिवसात पुसावे का, हा प्रश्न उरतोच. आता पुष्कळ मुली आपले नाव कायम ठेवतात. आम्हांस तरी त्यात वावगे काही दिसत नाही.

आता आजच्या चालींकडे वळू. पहिली चाल, जोडकामाची. ‘अंश’ हा चांगला संस्कृत शब्द. पण त्यामागे वाटेल ते अक्षर चिकटवून रियांश, कियांश अशी नावे तयार होतात, आणि मग कोणी सांगतो विष्णूचा अंश, कोणी सांगतो सूर्याचा किरण. अर्थ आधी आणि नाव मागाहून, हा क्रम होता. येथे नाव आधी ठरते आणि अर्थ मागाहून मागवला जातो! आईच्या नावाचे एक अक्षर, बापाच्या नावाचे एक, असेही चालते. परिणाम असा की, वर्गात एकाच यमकाची सहा मुले बसतात. वेगळेपणासाठी केलेला एवढा खटाटोप, आणि हाती आला तो सारखेपणा.

दुसरी चाल, आद्याक्षराच्या हट्टाची. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरे. त्यांत आर्द्रेचे ‘ङ’, हस्ताचे ‘ण’, उत्तराभाद्रपदेचे ‘ञ’ ही अक्षरेही येतात. आता ‘ण’वरून नाव शोधून दाखवा! म्हणूनच जुने लोक जन्मनाव पत्रिकेत ठेवीत आणि हाकेचे नाव आवडीने निवडीत. आज पत्रिकेचेच अक्षर व्यवहारात आणण्याचा आग्रह दिसतो, तो परंपरेच्या नावाखाली. पण परंपरेने तर सुटकेची वाट केव्हाच करून दिली होती.

तिसरी चाल, अंकशास्त्राची. इंग्रजी लिपीत एक अक्षर जादा घातले की भाग्य उघडते म्हणे. उघडते ते कचेऱ्यांचे दार! आपल्या गुजरातेत मराठी नाव गुजराती, इंग्रजी आणि देवनागरी अशा तीन लिपींतून फिरते. वर दप्तरात कोणी ‘भाई’ जोडतो, कोणी ‘कुमार’, कोणी ‘बेन’. त्यात आपण होऊन आणखी एका अक्षराची भर कशाला? १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्या दिवसापासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना अशा कामी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तेव्हा त्यावरील नाव पहिल्याच दिवशी नीट असावे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी, पण नाव त्याच वेळी लिहिले पाहिजे असे नाही. नोंदणीपासून बारा महिने ते विनाशुल्क भरता येते, आणि पुढे शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. इस्पितळाच्या खिडकीशी घाईने सुचेल ते नाव लिहून देण्याचे काही कारण नाही. बारसे होऊ द्या, आत्याला कानात ‘कुर्र’ करू द्या, मग दाखला.

आम्ही मराठी माणसे या शहरात अठराव्या शतकापासून नांदत आहोत. घरात मराठी, दारात गुजराती, कचेरीत इंग्रजी, असा आपला संसार. काही घरांत तर मराठी आता सणावारापुरती उरली आहे. अशा घरात मुलाला रोज कानी पडणारा मराठी शब्द बहुधा एकच असतो, तो म्हणजे त्याचे स्वतःचे नाव. म्हणून या विषयाला आम्ही किरकोळ मानीत नाही.

तेव्हा तरुण आईबापांस आमची विनंती एवढीच. नाव नवे ठेवा, जुने ठेवा, देवाचे ठेवा, फुलाचे ठेवा. पण त्याचा खरा अर्थ एखाद्या जाणत्याला विचारा, कोश उघडून पाहा. ते आजीच्या तोंडी बसते का, आणि शेजारच्या गुजराती मावशींना नीट म्हणता येते का, हे मोठ्याने हाक मारून पारखा. सर्व कागदांवर एकच लेखन ठेवा. आणि मुलगी झाली तर तिचे नाव मुलाइतक्याच हौसेने, तितक्याच पेढ्यांनिशी ठेवा.

वडीलधाऱ्यांसही एक विनंती आहे. बारशापूर्वी हवा तेवढा सल्ला द्यावा. पाळणा हलला, नाव ठरले, की मग नावे ठेवू नयेत. जे नाव पडले त्याच नावाने नातवंडाला मायेने हाक मारावी. हाक गोड असली की नावही गोड होते.