बंगळूर ते तंजावर
(सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



बदलीच्या नोकरीत आम्हांस बंगळूर व तंजावर ही दोन्ही स्थळे लाभली. शहाजीराजांच्या बंगळुरातील जहागिरीतूनच व्यंकोजीराजे तंजावरास गेले. त्या शांत नगरीत बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आहे. सरस्वती महालात मोडी कागदपत्रे आहेत.

इकडे बंगळुरास १९७८ साली स्थापन झालेली इलेक्ट्रॉनिक सिटी रात्रीही जागी असते. आमचे चिरंजीव तेथेच नोकरीस आहेत. तंजावरचा शिलालेख त्यांस दाखविला. हिंदीच्या बळावर अक्षरे लागली. अर्थ मात्र आम्हांस सांगावा लागला. दोष त्यांचा नव्हे, आमचा.

तंजावरच्या मराठी घरांनी सुमारे साडेतीनशे वर्षे आपली बोली राखली. आपण निदान पुढची पन्नास वर्षे तरी राखू या!