भंगारातला सुरवंट
(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ट्रॅक्टर म्हटला की मागची दोन मोठी आणि पुढची दोन लहान चाके आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी ज्या ट्रॅक्टरविषयी बोलणार आहे, त्याला जमिनीला टेकणारी चाकेच नाहीत. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे आहेत, बुलडोझरला असतात तसे. पण आकार एवढा लहान, की त्यावर बसलेला माणूस पाय लांब करील तर जमिनीला लागतील. वजन सहाशे किलोंच्या आसपास, म्हणजे चांगल्या बैलजोडीपेक्षा कमीच. इंग्लंडमधल्या इप्सविच येथील रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज या कंपनीने १९३६ साली असे छोटे क्रॉलर बाजारात आणले. त्यांचे नाव ‘एमजी’, म्हणजे मार्केट गार्डन. भाजीमळ्यासाठी आणि फळबागेसाठी केलेले हे यंत्र १९६६ पर्यंत निघत होते.

त्यांपैकी एक फिरत फिरत आमच्या वाशीम जिल्ह्यात आले. कोणी आणले, कशासाठी आणले, याचा एकही कागद उरलेला नाही. मला ते भंगाराच्या ढिगात दिसले आणि किलोच्या भावाने मिळाले. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन वर्षे मी ते दुरुस्त करत होतो. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्या काळात मला गावातल्या प्रत्येकाने विचारला. त्याचे उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो.

आधी पट्ट्यांविषयी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावाजवळची जमीन भुसभुशीत, दलदलीची. वाफेची अवजड यंत्रे तिच्यात रुतून बसत. चाके रुंद करून पाहिली, तरी भागेना. शेवटी बेंजामिन होल्ट या कारखानदाराने चाके काढून त्या जागी फिरते पट्टे बसवले आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी ते यंत्र शेतात चालवून पाहिले. त्याची चाल पाहून कोणाला तरी सुरवंट आठवला आणि ‘कॅटरपिलर’ हे नाव पडले. पुढे १९२५ साली त्याच नावाची कंपनी उभी राहिली.

रुतणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. आमची काळी भुई उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते. मी माझ्या यंत्राचे पट्टे फीत लावून मोजले. रुंदी सहा इंच, जमिनीला टेकणारी लांबी साधारण तीस इंच. हिशेब केला तर बसणाऱ्या माणसासह एका चौरस सेंटिमीटरवर पाव किलोपेक्षा थोडा जास्त भार पडतो. चालताना माणसाचा सारा भार एका पायावर येतो, तेव्हा जमिनीवर पडणारा दाब याहून जास्त असतो! चाकांच्या ट्रॅक्टरचा दाब ढोबळमानाने त्याच्या टायरमधल्या हवेइतका, म्हणजे याच्या तिप्पट-चौपट. त्याच त्या वाटेने तो वर्षानुवर्षे फिरला की नांगराच्या तासाखाली जमिनीचा घट्ट थर तयार होतो. मग पाणी खाली मुरत नाही आणि तुरीचे मूळ खाली जात नाही.

क्रॉलर आपल्या देशाला नवे नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची यंत्रे येथेच राहिली. त्यांच्या आधारावर १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना सुरू झाली. कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताने मध्य भारतातली लाखो एकर जमीन गिळली होती. बैलांच्या नांगराला ते दाद देईना. ते उपटण्यासाठी लागणाऱ्या ट्रॅक्टरांकरिता १९४९ साली जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँकेने आपल्या देशाला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी हे एक. त्या काळी आमचे वाशीम अकोला जिल्ह्यात होते आणि राजधानी होती नागपूर. वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

आता दुरुस्तीकडे येतो. इंजिन एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, ६०० सीसीचे. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेला. घण मारून तो सोडवावा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मी मंगरूळपीरच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “भाऊ, लोखंडाले घाई चालत नाही. याले तेल पाजा, मंग बोलू.” डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण रोज थोडे थोडे ओतत राहिलो. सतराव्या दिवशी पिस्टन नखभर हलला.

दुसरी अडचण पान्यांची. हल्लीचे मेट्रिक पाने या यंत्राच्या नटांना बसत नाहीत. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे जे माप ठरवून दिले, त्या घराण्यातले हे नट-बोल्ट. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिकचा ६० अंशांचा. दिसायला सारखे, पण जबरदस्तीने पिळले तर दोन्ही जातात. चाचांच्या पेटीत जुन्या तेल इंजिनांचे पाने होते. ते इंचाचे अपूर्णांक सांगत नाहीत, सूत सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. “चार सुती द्या, पाच सुती द्या,” असे म्हणत त्यांनी एका दुपारीत सगळी नळी-टोपी उतरवली.

मग कळले की खरी वाण सुट्या भागांची नव्हतीच, ती भाग करून देणाऱ्या हातांची होती. पिस्टनच्या रिंगा बाजारात मिळेनात. बिडाच्या नळकांड्यातून त्या लेथवर कापून घेतल्या. रिंगेच्या दोन टोकांत फट किती ठेवायची? सिलिंडरच्या व्यासाच्या दर इंचाला इंचाचा तीन हजारांश. हे कारागिराला तोंडपाठ होते. गिअरपेटीच्या बिडाला चीर गेली होती. बीड एकदम तापवले किंवा एकदम निवू दिले की पुन्हा तडकते. म्हणून भट्टीत हळूहळू तापवून, वेल्डिंग करून, पेटी रात्रभर गरम राखेत पुरून ठेवली. सकाळी राख उकरली तेव्हा ती अजून कोमट होती आणि चीर सांधलेली होती.

पट्ट्यांचे सांधे मोठे हुशारीचे. साध्या क्रॉलरच्या सांध्यात लोखंडी खिळा असतो. माती शिरली की तो झिजतो. यात खिळ्याच्या जागी दाबून बसवलेले रबर आहे. पट्टा वळतो तेव्हा रबरच पीळ खाते; घासायला काही नाही, तेल घालायला काही नाही. पण इतक्या वर्षांत ते रबर दगड झाले होते. त्याचा साचा करून अकोल्यातल्या एका लहान कारखान्यातून नवे ठोकळे ओतून आणले. पहिली खेप मऊ निघाली, दुसरी जमली.

मॅग्नेटोची गुंडाळी नव्याने भरली, चुंबकाला पुन्हा ताकद दिली. मॅग्नेटोची मजा अशी, की ठिणगीला बॅटरी लागत नाही. हाताने फिरवले की वीज तयार. मात्र एक काळजी आजच्या काळाची घ्यावी लागली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. म्हणून नळ्या बदलल्या आणि काम संपले की टाकी रिकामी करायची पद्धत ठेवली.

यंत्र सुरू झाले. वावरात चालले. माणसाच्या चालीने, एका लहान नांगरासह. ते शेतकऱ्याच्या अडचणींवर उतारा आहे, असे मी म्हणणार नाही. सहा अश्वशक्तीत खोल नांगरट होत नाही आणि ओल जास्त असली की आमची चिकट माती पट्ट्यांत लाडवासारखी भरते. मग खुरप्याने ती काढत बसावे लागते.

मग उपयोग काय? कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतलेची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोटी गाडी. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. ते सत्तर वर्षे टिकले, ते नुसते इंग्रजी पोलादामुळे नव्हे. त्याला समजून घेणारी, त्याचे भाग घडवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याजवळ होती. यंत्राचे आयुष्य कारखान्यात सुरू होते, पण वाढते ते मिस्त्रीच्या हातात.

आज ही साखळी तुटते आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण त्यासोबत इंजिनात इलेक्ट्रॉनिक मेंदू आला आणि तो उघडायची किल्ली गावात नाही. पेरणीच्या तोंडावर असा ट्रॅक्टर बंद पडला, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावे लागते. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही. चार दिवस गेले की सोयाबीनचे उत्पन्न गेले. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा मोबाइल आणि मोटारींबरोबर शेतीची यंत्रेही तिच्या विषयांत घेतली. हे योग्यच झाले. पण हक्क कागदावर मिळाला आणि दुरुस्ती करणारा उरलाच नाही, तर त्या हक्काचे काय करायचे?

माझ्या शेडमध्ये त्या दोन वर्षांत गावातली तीन-चार पोरे येत राहिली. आधी मोबाइलवर फोटो काढायला, मग पाना धरायला. त्यांतल्या एकाने आता रिंगेची फट मोजायला शिकून घेतले आहे. चाचा त्याला शिव्याही देतात आणि शिकवतातही. ‘उपयोग काय?’ याला माझ्यापाशी हे उत्तर आहे.

श्रोतेहो, आपल्या विहिरीवर, धुऱ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात एखादे जुने तेल इंजिन, पंप, मळणीयंत्र पडलेले असेल. ते भंगारात देण्याआधी एवढेच करा. त्यावरची पितळी पाटी पुसून आकडे लिहून घ्या. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मिस्त्रीला चहाला बोलवा आणि घरातल्या पोराला शेजारी बसवून त्यांच्याकडून ते यंत्र समजून घ्या. नंतर विकायचे तर खुशाल विका. लोखंड गेले तर पुन्हा ओतता येईल. मिस्त्रींच्या हातातले मात्र त्यांच्याबरोबरच जाते, आणि मिस्त्री आता थोडेच उरले आहेत.