रविवारची सकाळ कुणाची?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण कौटुंबिक हिंसाचार, पोटगी, रेशनकार्ड अशा विषयांवर बोलतो आहोत. मी मात्र सायकलवर बोलणार आहे. तीही कामाला जाण्याच्या सायकलवर नाही, तर रविवारी सकाळी दहा-वीस जण मिळून हौसेनं फिरायला जातात, त्या सायकलवर. कुणाच्या मनात येईल, ही चैनीची गोष्ट इथे कशाला? दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते.

माझं गाव बार्शी तालुक्यात. हायस्कूल गावापासून चार किलोमीटरवर होतं. आठवीत गेल्यावर वडिलांनी मला जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. बारावी झाली आणि ती सायकल धाकट्या भावाकडे गेली. "आता तुला ती कशाला?" असं आई म्हणाली. कुणी रागावलं नाही, मीही रडले नाही. सायकल शाळेसाठी होती, शाळा संपली, सायकल संपली. पुढे पुण्यात येऊन मी एम.एस.डब्ल्यू. केलं, वस्तीत काम करायला लागले, बायकांना 'घराबाहेर पडा' असं सांगत राहिले. पण जवळजवळ पंधरा वर्षं मी स्वतः काही कारण नसताना कुठे गेले होते का, हे मला आठवेना.

पाठदुखीचं निमित्त झालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. एका मैत्रिणीनं तिच्या सायकल क्लबात नेलं. रविवारी पावणेसहाला दांडेकर पुलापाशी जमायचं, सिंहगड रस्त्यानं खडकवासल्याच्या धरणापर्यंत जायचं, तिथे चहा घ्यायचा आणि नऊच्या आत परत. जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या वर होतात. पहिल्या रविवारी मी राजाराम पुलापर्यंतच धापा टाकायला लागले. पण माणसं फार चांगली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका कायम सगळ्यात मागे असतात, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. क्लबाचा नियम एकच: शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणी पुढे निघायचं नाही. माझ्यासाठी त्या दिवशी सगळे तीनदा थांबले आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही.

पुरुषांचं फुकटचं शिकवणं असतंच. 'ताई, गिअर बदला, ताई, सीट वर घ्या.' पण पंक्चर काढायला काकांनी मला शिकवलं ते माझ्या हातात पान्हा देऊन, स्वतः हात मागे बांधून. अंधारात एकटीनं त्या रस्त्यावर मी कधी गेले नसते. मोटरसायकलवरची पोरं शेरे मारतात, ती घोळक्यात मारत नाहीत. वाटेत बायकांसाठी धड मुतारी नाही, म्हणून आम्ही सगळ्याजणी पाणी पिणं टाळतो, हेही तिथेच एकमेकींना कळलं. आणि परतताना उतारावर वारा तोंडावर आला तेव्हा मला आठवीतली मी आठवली. एवढंच, पण ते कमी नव्हतं.

बायका आणि सायकल यांचं नातं आपल्या चळवळीला नवीन नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होत्या. सायकल शिकणं हा त्यांनी मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडी सेविका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. एक लाखाहून अधिक ग्रामीण बायकांनी त्यात भाग घेतला. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि दांडीवर पोराला बसवता येतं म्हणून काहींना त्याच बऱ्या वाटल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत होती. माझं गाव चार किलोमीटरवर होतं, हे मी सांगितलंच.

या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण एक लक्षात घ्या. दोन्हीकडे सायकलला कारण होतं: पाणी आणायचं, कामावर जायचं, शाळेत जायचं. बाईला बाहेर जाण्याची परवानगी कारणासाठी मिळते. कारण संपलं की परवानगी संपते. रविवारच्या सायकलला काहीच कारण नाही. 'कुठे चाललीस?' 'फिरायला.' 'कशाला?' या 'कशाला'चं उत्तर न देता घरातून बाहेर पडता येणं, हे मला स्वातंत्र्याचं खरं माप वाटायला लागलं. सहा महिने मी अशी खुशीत होते. बैठकांमध्ये बायकांनाही हे सांगत होते.

मग पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत बचत गटाची बैठक होती. मी सायकलचं सांगत होते. आमच्या गटातल्या एक मावशी स्वयंपाकाची कामं करतात, पाच घरी. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं ते सायकलचं मला माहीत आहे. माझ्या एक बाई जातात ना तिकडे. आधी रविवारी आठला गेलं तरी चालायचं. आता त्या सायकलला जातात म्हणून मला सहाला यावं लागतं. साहेबांना आणि मुलांना नाश्ता लागतो."

त्या तक्रार करत नव्हत्या. माहिती देत होत्या. त्यांच्या बाई आमच्याच क्लबात होत्या.

मैत्रिणींनो, मी गप्प बसले. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, माझ्या घरी स्वयंपाकाला बाई नाही. पण घरी आले तर सासूबाई दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांसाठी कांदे काढून ठेवत होत्या. त्यांचं वय पासष्ट. मी रविवारी खडकवासल्याला चहा पीत असायचे तेव्हा घरी नवऱ्याला चहा, मुलाला दूध आणि सगळ्यांना पोहे कोण करत होतं, हे मी सहा महिने पाहिलंच नव्हतं. मी घरातून बाहेर पडले होते, पण माझं काम बाहेर पडलं नव्हतं. ते एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकलं होतं.

सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. हे आकडे मी कितीतरी शिबिरांत फळ्यावर लिहिले आहेत. माझ्या घरचा रविवार त्यात मांडून पाहिला नव्हता.

घरी मी नवऱ्याशी बोलले. तो समजूतदार आहे, 'मी करीन' म्हणाला. अडचण सासूबाईंची झाली. "माझ्या मुलाला ओट्याशी उभा केलास," असं म्हणून त्या आठ दिवस माझ्याशी तुटक वागल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या ओट्यावर त्यांची चाळीस वर्षं गेली, तो एकदम काढून घेतल्यासारखं त्यांना वाटलं असेल. पहिल्या रविवारी पोह्यांचा गोळा झाला होता. आता बरे होतात.

क्लबात बोलणं जास्त अवघड गेलं. धरणावर चहा पिताना मी आम्हा अकरा बायकांपुढे विषय काढला. मावशींचं नाव घेतलं नाही, कारण काम गेलं तर त्यांचं गेलं असतं. एक मैत्रीण चिडली. "आम्ही तिला पैसे देतो, फुकट नाही राबवत. आणि हे सगळं बायकांनाच का सांगतेस? पुरुष इतकी वर्षं सायकली मारताहेत, त्यांना कुणी विचारलं, घरी नाश्ता कोण करतं?" तिचं अर्धं म्हणणं खरं होतं. म्हणून पुढच्या रविवारी तोच प्रश्न मी सगळ्यांपुढे, पुरुषांसकट, विचारला. काकांनी कबूल केलं की काकूंना सायकल येते हेच त्यांना माहीत नव्हतं. अकरापैकी पाच घरांनी कामाच्या बाईंना रविवारची भरपगारी सुट्टी दिली. मावशींच्या बाईंचं घर त्यात आहे. दोन मैत्रिणी तेव्हापासून माझ्याशी फारशा बोलत नाहीत.

भरपगारी सुट्टी ही काही आम्ही शोधून काढलेली गोष्ट नाही. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली आणि सुट्टीचा हक्क मागितला. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. तरी आठवड्याची सुट्टी बहुतेक घरांत अजून बाईंच्या मर्जीवर असते. जो हक्क आहे त्याला आम्ही पाच घरांनी मेहरबानीचं रूप दिलं असेल, तर तेही चूकच. म्हणून यापुढचं बोलणं संघटनेमार्फत व्हावं, असा माझा आग्रह आहे.

मावशी म्हणाल्या, "सुट्टी मिळाली, आता सायकलपण शिकवा." क्लबातून तीन जुन्या सायकली मिळाल्या. शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी सातला नऊ जणी जमल्या. दोघींची साडी चेनमध्ये अडकली, म्हणून पहिला धडा चेनकव्हर बसवण्याचा झाला. पोरं हसली. मावशींचा मुलगा म्हणाला, "आई, लोक हसतात." मावशी म्हणाल्या, "मग तू धर सीट." तिसऱ्या आठवड्यात त्यांचा तोल जमला.

नऊपैकी चौघी आज येतात. एकीला नवऱ्यानं बंदी केली. दोघींना रविवारीही कामावरून सुट्टी मिळालीच नाही. दोघींचं वेगळंच झालं. सायकल येते म्हटल्यावर घरच्यांनी मुलाला क्लासला सोडणं, गिरणीवर जाणं, सिलिंडरचं बघणं, सगळं त्यांच्या अंगावर टाकलं. सायकल आली आणि काम वाढलं. म्हणजे नुसती सायकल शिकवून भागत नाही. त्या सायकलवर तिच्या स्वतःच्या वेळेचा हक्क असायला हवा.

गेल्या महिन्यात आम्ही वस्तीपासून सारसबागेपर्यंत गेलो. अंतर फार नाही. काका नेहमीप्रमाणे मागे होते, आणि काकूही होत्या. परत आल्यावर मावशी म्हणाल्या, "उतारावर पाय हलवावे लागत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

आता तुम्हाला एक काम सांगते आणि थांबते. इथून गेल्यावर तुमच्या गटात एक तक्ता करा. मागच्या रविवारी सकाळी सहा ते नऊ कोण काय करत होतं ते लिहा. घरातल्या प्रत्येक माणसाचं लिहा, कामाला येणाऱ्या बाईंचंही लिहा, आणि कार्यकर्तीनं स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. शेवटचा माणूस आल्याशिवाय निघायचं नाही, हा आमच्या क्लबाचा नियम चांगला आहे. पण तो नियम आम्ही दांडेकर पुलापासून मोजत होतो. शेवटची बाई अजून ओट्यापाशीच उभी होती. पुढच्या बैठकीत तक्ते घेऊन या. तिथून पुढे बोलू.