तिशी, पाळणा आणि लाल पोशाख



चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात. आंब्याची डाळ, पन्हं, गजरे, सगळं छान असतं. आमच्या वाड्यात ओटी भरताना एक हात माझ्या मावशीपाशी आला की क्षणभर अडखळायचा. मग कुणीतरी हळूच विचारायचं, "काय गं, पाळणा कधी हलणार?" मावशी हसायची, पदर सारखा करायची. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिनं हळदीकुंकवाला जाणंच सोडलं.

हाच प्रश्न भर मंचावरून, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर गाणाऱ्या एका बाईबद्दल आज बोलणार आहे.

तिचं नाव मनिझा संगीन. जन्म १९९१ चा, ताजिकिस्तानातल्या दुशान्बेचा. तिथल्या यादवी युद्धामुळे तिचं कुटुंब मॉस्कोला आलं. २०२१ च्या महिलादिनी, ८ मार्चला, रशियन टीव्हीच्या प्रेक्षकांनी तिचं 'रशियन वुमन' हे गाणं युरोव्हिजन गायनस्पर्धेसाठी निवडलं. तिशी आली तरी मूल का नाही, वजन का कमी करत नाहीस, हे ऐकून घेणाऱ्या बाईचं हे गाणं आहे. नातेवाईक ज्या सुरात बोलतात तोच सूर मनिझा गाण्यात लावते आणि मग तो झटकून टाकते.

रॉटरडॅमला झालेल्या युरोव्हिजनच्या अंतिम फेरीचा व्हिडिओ जरूर पाहा. मनिझा येते ती एका अवाढव्य झग्यात. झगा कसला, आपल्या वाकळेसारखा तुकड्यातुकड्यांचा डोंगरच, आणि खाली चाकं लावलेली. बाईला त्यात हलताही येऊ नये. मग तो उघडतो आणि ती बाहेर पडते, अंगात कामगारासारखा लाल पोशाख, डोक्याला रुमाल. झगा मागे पडतो, ती नाचत पुढे येते. पाठीमागच्या पडद्यावर कितीतरी बायकांचे चेहरे उमटतात आणि तिच्याबरोबर गाऊ लागतात. तिथं माझा गळा दाटून येतो. मावशीला एकटीला हसून निभवावं लागलं होतं. इथं उत्तर द्यायला सगळ्याजणी उभ्या आहेत.

त्या रात्री २०४ गुण मिळवून ती नववी आली. घरी, रशियात मात्र आधीपासूनच वादळ उठलं होतं. ऑर्थोडॉक्स महिलांच्या एका संघटनेनं गाण्यावर बंदी मागितली. वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्ष वालेन्तिना मात्वियेन्को यांनी शब्दांवर टीका केली. तक्रारीवरून तपास समितीनं गाण्याची चौकशी लावली. ताजिक मुलीनं 'रशियन बाई' म्हणवून घ्यावं, हेही पुष्कळांना सोसलं नाही. २०२२ मध्ये तिनं युक्रेनवरच्या युद्धाला विरोध केला आणि तिचे कार्यक्रम रद्द होऊ लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुतिन यांनी सोव्हिएत काळातला 'वीरमाता' किताब पुन्हा सुरू केला. दहा मुलं वाढवणाऱ्या आईला दहा लाख रूबल. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर मूल न होऊ देण्याच्या विचाराचा प्रचार करण्यावर कायद्यानं बंदी आली. व्यक्तीला चार लाख रूबलपर्यंत दंड, संस्थेला पन्नास लाखांपर्यंत. स्वयंपाकघरात कुजबुजला जाणारा प्रश्न आता सरकार विचारतं आहे, आणि उलट बोलणाऱ्याला दंड आहे.

हे दूरचं वाटू देऊ नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रात मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलांचं आवाहन केलं. आपल्याकडे मात्र दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आज कमी, उद्या जास्त. हिशेब बदलतो, कूस मात्र बाईचीच मोजली जाते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली. मूल हवं की नको हे बाईनं ठरवायचं, एवढी साधी गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं. माझी एकच विनंती आहे. आलेल्या प्रत्येकीची ओटी भरा, विधवा, अविवाहित, मूल नसलेली, सगळ्यांची, हात न अडखळता. आणि पाळण्याचं विचारू नका.