दिघीचा माळ आणि खडकीचे बिनतारी केंद्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



न्यू टाउनच्या या उत्तुंग इमारतींच्या जागी एके काळी राजारहाटची भातशेती आणि माशांची तळी होती, असे येथील जुनी मंडळी सांगतात. आज मला आपल्याकडील अशाच एका पुसट होत चाललेल्या जागेविषयी बोलावयाचे आहे.

आळंदीहून पुण्यास निघालेली माउलींची पालखी दिघीवरून पुढे जाते. त्या खडकी-दिघीच्या परिसरात इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने विलायतेशी बिनतारी संदेशवहन करणारे प्रक्षेपण केंद्र उभारले. तिकडून येणारे संदेश टिपणारे केंद्र मात्र दूर दौंडला होते. कारण प्रक्षेपकाच्या गदारोळाशेजारी सातासमुद्रापलीकडचा क्षीण स्वर ऐकू येणे कठीण. इंग्लंडातही ग्रिम्सबीला प्रक्षेपण आणि स्केग्नेसला ग्रहण अशीच वाटणी होती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण करून या सेवेचे उद्घाटन केले. त्याच दिवशी त्यांच्याच हस्ते मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि पुढे २६ ऑगस्टला आपल्या या कलकत्त्याचे, गार्स्टिन प्लेसमध्ये. नभोवाणीची जन्मकथा सारेच सांगतात. खडकीचे नाव कोणी काढीत नाही, हे मला न्यायाचे वाटत नाही.

तोवर विलायतेची तार समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जात असे. बिनतारी मार्गाचा विचार होता, पण तो लांब लहरींचा. त्यासाठी अवाढव्य यंत्रे आणि प्रचंड वीज लागणार. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी आखूड लहरींचा मार्ग शोधला. उंच मनोऱ्यांवर तारांचा एक पडदा टांगावयाचा, त्याच्या पाठीशी परावर्तक म्हणून दुसरा. कंदिलाची झापड लावली की प्रकाश जसा एकाच दिशेस जातो, तशी सारी शक्ती एका रोखाने जाई. म्हणून तिला 'बीम' पद्धत म्हणत. ती इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली की बलाढ्य केबल कंपन्यांचे धाबे दणाणले. १९२८ साली त्यासाठी लंडनला साम्राज्याची परिषद भरवावी लागली, आणि पुढल्याच वर्षी तेथे केबल व बिनतारी या दोन्ही व्यवसायांचे एकीकरण झाले. आपल्याकडे ते १९३२ साली झाले.

आता कोणी विचारील, यात कलकत्त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आकाशातून आहे. पृथ्वी गोल असताना खडकीची लहर इंग्लंडास पोहोचते कशी? वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांवरून परतून. १९३० च्या सुमारास याच शहरात राजाबाजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्ता नभोवाणीच्या लहरींचा उपयोग करून त्या थरांचा शोध घेतला. १९४७ साली एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केलेला त्यांचा ग्रंथ जगभरच्या संशोधकांनी हाताशी ठेवला. खडकीच्या अभियंत्यांनी ज्या छताचा भरवसा धरला, त्याची उंची मोजण्याचे काम एका बंगाली आचार्याने केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१ जानेवारी १९४७ रोजी ही सेवा सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे नाव ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाले. १९८६ साली तिचे विदेश संचार निगम झाले. उपग्रह आले, समुद्रतळाशी काचतंतूंच्या केबल आल्या, आणि आखूड लहरींची गरज सरली. गंमत पाहा, संदेश पुन्हा समुद्राच्या तळाशीच गेले! २००२ साली निगमाचे खासगीकरण झाले, तेव्हा अतिरिक्त ठरलेली ७७३ एकर जमीन निराळी काढण्यात आली. तीत दिघीची ५२४ एकर आहे, आणि आपल्या उत्तरेस, रामप्रसाद सेनांच्या हालिशहरची सुमारे ३५ एकरही आहे. एक टोक ज्ञानेश्वरांच्या वाटेवर, दुसरे रामप्रसादांच्या गावी!

या जमिनींची चर्चा आज भावाच्या आणि चौरस फुटांच्या भाषेत होते. तेथे घरे उठू नयेत, असे माझे म्हणणे नाही. माणसांना राहावयास जागा हवीच, आपण येथे तेच तर केले आहे. परंतु कुदळ पडण्यापूर्वी मनोऱ्यांचे पाये कोठे होते याचा नकाशा काढावा, जुनी छायाचित्रे गोळा करावीत, आणि पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांनाही वाचता येईल असा मराठीतला एक शिलालेख बसवावा. आपल्यापैकी कोणाचे वडील वा आजोबा या तारखात्यात असतील, तर त्यांची ओळखपत्रे, वह्या, बदलीचे हुकूम रद्दीत देऊ नका. मंडळाच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक कपाट रिकामे करावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.