कांगारू म्हणजे ‘मला कळत नाही’ नव्हे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. मी कांगारूवर बोलणार आहे. काळजी नको, शेवटी संगणकही येईल.

एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात उड्या मारणारं जनावर पाहिलं आणि तिथल्या माणसाला विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “कांगारू.” म्हणजे, “तुम्ही काय म्हणता ते मला कळत नाही.” इंग्रजांनी तेच नाव लिहून घेतलं!

गोष्ट गमतीची आहे, पण खोटी आहे. जून १७७० मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांचं ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर आदळलं. दुरुस्तीसाठी ते सुमारे सात आठवडे एका नदीच्या मुखाशी थांबलं. तिथल्या लोकांची भाषा गुगु यिमिथिर. कुक आणि त्यांच्यासोबतचे जोसेफ बँक्स यांनी त्यांच्याकडून या जनावराचं नाव टिपून घेतलं. पुढे १८२० मध्ये फिलिप पार्कर किंग त्याच ठिकाणी गेले, तर त्यांना दुसराच शब्द ऐकू आला. मग कुक यांचीच फसगत झाली असेल, असा समज पसरला.

१९७० नंतर जॉन हॅव्हिलंड हे भाषाशास्त्रज्ञ ही भाषा शिकले, तेव्हा उलगडा झाला. ‘गंगुरू’ हे एका विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूचं नाव आहे. किंग यांना मिळालेला शब्द बहुधा खाण्याजोग्या कुठल्याही जनावरासाठीचा होता. म्हणजे उत्तर देणाऱ्याला नेमकं माहीत होतं. दोनशे वर्षं आपण हसलो ते त्या जाणकारालाच.

आणखी एक गंमत. १७८८ मध्ये इंग्रज सिडनीला वसले आणि तिथल्या लोकांशी बोलताना हाच शब्द वापरू लागले. सिडनी तिथून सुमारे २,००० किलोमीटर दूर, भाषा वेगळी. लोकांना वाटलं, हा इंग्रजी शब्द असेल. इंग्रजांच्या गाई पाहून ते विचारू लागले, “हे कांगारू का?” बीडचा शब्द श्रीनगरला जाऊन वापरावा, तसंच हे झालं.

असा प्रवास आपल्या शब्दांनीही केला आहे. इंग्रजीतलं ‘मंगूस’ हे आपलं मुंगूस; शब्दकोश त्याचं मूळ मराठीत दाखवतात. आपण जिला घूस म्हणतो तिचं तेलुगू नाव ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर. त्याचं इंग्रजीत ‘बँडिकूट’ झालं आणि ते ऑस्ट्रेलियातल्या, कांगारूसारखीच पिशवी असलेल्या छोट्या प्राण्यांना जाऊन चिकटलं. दख्खनच्या घुशीचं नाव कांगारूच्या देशात नांदतंय!

आता संगणक. मी मराठीत टाइप करते तेव्हा ‘माळवं’, ‘इस्तू’ अशा शब्दांखाली लाल रेघ येऊ शकते. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की हा शब्द यंत्राच्या यादीत नाही. पण आपली मुलं शहरात शिकायला जातात, तिथं कुणी त्यांच्या बोलण्यावर हसतं, आणि तीच लाल रेघ त्यांना स्वतःखाली दिसू लागते. मग ती घरीसुद्धा ते शब्द बोलायचं सोडतात. ज्वारीच्या वावरात वाढणाऱ्या प्रत्येक तणाचं नाव माझ्या आजीला माहीत होतं. मला त्यातली चारपाचच येतात.

यंत्राच्या यादीत शब्द आपोआप जात नाहीत. कुणीतरी लिहावे लागतात. म्हणून या दिवाळीत प्रत्येकानं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून गवतं, पाखरं, अवजारं यांची दहा नावं लिहावीत, सोबत गावाचं नाव टाकावं. आपल्या बॅचची यादी मी एकत्र करून देते. मराठीच्या सर-बाईंनी ती तपासावी, एवढी विनंती. मात्र गावाकडचा शब्द शुद्ध करू नका, आहे तसाच ठेवा.